बेलाची खिडकी

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात चार कपाटं आहेत. रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथं बसते, पुस्तकं देते-घेते, रजिस्टर भरते. गेल्या महिन्यात कमिटीच्या बैठकीत पाण्याची टाकी आणि पार्किंग झाल्यावर विषय निघाला तो 'ट्वायलाइट'चा. आठवीतल्या एका मुलीनं या मालिकेतली पहिली दोन पुस्तकं नेली होती. तिच्या आईनं ती रात्री चाळली आणि ती हादरली. एक मुलगा रोज रात्री एका मुलीच्या नकळत खिडकीतून तिच्या खोलीत शिरतो, ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो आणि पुस्तक त्याला प्रेम म्हणतं! ही पुस्तकं काढून टाका, असं आईचं म्हणणं. त्यावर बी विंगमधली तिशीची मुलगी उसळून म्हणाली, "मी दहावीत असताना चारही पुस्तकं तीन-तीनदा वाचली. माझं काय वाकडं झालं? व्हॅम्पायरची गोष्ट आहे ती, नागरिकशास्त्राचं पुस्तक नाही." पाऊण तास वाद झाला. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आणि 'तुम्हीच काय ते सांगा' म्हणून माझ्यावर आला.

माझं मत असं की पुस्तकं कपाटातच राहावीत आणि त्यांच्यावर अजिबात भीडभाड न ठेवता टीका व्हावी. त्या बैठकीत दोघी तळमळीनं बोलत होत्या, पण प्रश्न दोघींच्याही हातून निसटला. नायक वाईट वागतो की नाही, हा मुद्दाच नाही. वाईट वागणारी माणसं साहित्यात नसतील तर साहित्य उरेलच कशाला? त्या वागण्याचा निवाडा कादंबरी कसा करते, त्याची किंमत कुणाला मोजायला लावते आणि 'हे बरोबर नाही' म्हणणाऱ्या माणसाला बोलायला जागा देते की नाही, हे तपासायचं असतं. 'ट्वायलाइट' नापास होतं ते इथं. आणि या कारणासाठी ते लपवून ठेवण्यापेक्षा मुलींबरोबर बसून वाचण्यात जास्त अर्थ आहे.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकी लेखिका स्टेफनी मायर यांच्या या चार कादंबऱ्या २००५ ते २००८ या काळात आल्या. २००८ ते २०१२ मध्ये त्यांच्यावर पाच चित्रपट निघाले. दहा कोटींहून जास्त प्रती जगभर खपल्या आणि आपल्याकडच्या शहरांतल्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलींच्या एका पिढीनं त्या दप्तरातून फिरवल्या. वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या पावसाळी गावात सतरा वर्षांची बेला स्वान वडिलांकडे राहायला येते. वडील गावचे पोलिसप्रमुख आहेत. शाळेत तिला एडवर्ड कलन भेटतो. तो दिसतो सतरा वर्षांचा, पण जन्मलेला १९०१ साली. १९१८ च्या फ्लूच्या साथीत शिकागोत मरायला टेकलेला असताना तो व्हॅम्पायर झाला. माणसाचं रक्त न पिण्याचा त्याच्या कुटुंबाचा नेम आहे आणि नेमकं बेलाच्याच रक्ताचा वास त्याला वेडावतो.

या कादंबऱ्यांवर टीका करायची एक ठरलेली पद्धत आहे. घरगुती हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या संस्था धोक्याच्या खुणांची यादी देतात. तो तुम्ही कुठं जाता यावर पाळत ठेवतो का, मित्रमैत्रिणींपासून तोडतो का, तुमच्या वतीनं परस्पर निर्णय घेतो का, तुम्ही सोडून गेलात तर जीव देईन म्हणतो का? मग एडवर्डच्या नावापुढं एकेक खूण करत जायचं. खुणा खऱ्या आहेत हे मी आधीच मान्य करते. तिसऱ्या पुस्तकात बेलानं जेकबला, लांडग्याचं रूप घेणाऱ्या तिच्या मित्राला, भेटायला जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या ट्रकच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. स्वतः बाहेर जाताना तिच्यावर नजर ठेवायला बहिणीला बसवतो आणि त्याबद्दल बहिणीला पिवळी पोर्शा गाडी देतो. ही काळजी घेण्याची रीत नव्हे, हे सांगायला कुठल्या यादीची गरज नाही. पण नुसती यादी घेऊन बसलं तर निम्मं विश्वसाहित्य बाद करावं लागेल. म्हणून यादीवाल्यांना उत्तर देणं सोपं जातं. 'मग शेक्सपिअरही जाळायचा का?' एवढं विचारलं की ते गप्प होतात.

दुसरी पद्धत टवाळीची. २००८ ते २०१२ या काळात या पुस्तकांची जेवढी थट्टा झाली तेवढी क्वचितच कशाची झाली असेल, आणि त्या थट्टेचा रोख पुस्तकापेक्षा ती वाचणाऱ्या मुलींवर जास्त होता. उन्हात चमकणाऱ्या व्हॅम्पायरवर जीव टाकणाऱ्या पोरींना अक्कल कमी, असा तो सूर. बी विंगमधली मुलगी उसळली ती या जुन्या अपमानामुळे, आणि तिचं उसळणं मला रास्त वाटतं. बायका-मुली आवडीनं वाचतात ते हलकं असणारच, हा समज फार जुना आहे. १८१७ च्या अखेरीस छापल्या गेलेल्या 'नॉर्थँगर ॲबी'त जेन ऑस्टिन कथा मध्येच थांबवून कादंबरी वाचणाऱ्या मुलींची बाजू घेते. काय वाचतेस असं विचारलं की 'काही नाही, नुसती कादंबरी' असं लाजून म्हणावं लागणाऱ्या मुलींची. भीतीचा इतिहासही असाच लांबलचक आहे. प्रेमभंगानं जीव देणाऱ्या तरुणाची गोष्ट सांगणारा जर्मन लेखक गटेचा 'वेर्थर' १७७४ साली आला आणि पुढच्याच वर्षी लाइपझिग शहरानं त्या पुस्तकावर बंदी घातली, वेर्थरसारखा निळा कोट आणि पिवळी बंडी घालण्यावरसुद्धा. १९५४ साली अमेरिकेत फ्रेड्रिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी सिनेटच्या समितीपुढं सुनावण्या झाल्या आणि कॉमिक्सच्या धंद्यानं घाबरून स्वतःवर नियमावली लादून घेतली. यातून कुठल्या पिढीचं भलं झालं? घाबरलेला माणूस नको तिथं बोट ठेवतो. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी वाचनालयांतून हटवण्याची मागणी सर्वाधिक झालेल्या पुस्तकांची यादी काढते. २००९ च्या यादीत 'ट्वायलाइट' मालिका होती. आक्षेप कोणते, तर धार्मिक दृष्टिकोन, लैंगिक वर्णन आणि वयाला न शोभणारा मजकूर. ज्या मालिकेत नायक लग्नाआधी शरीरसंबंधाला ठाम नकार देतो तिच्यावर हा आक्षेप! पाळत, धाक, परस्पर घेतलेले निर्णय यांचा उल्लेखही नाही. चुंबनं मोजत बसलेल्या मोठ्या माणसांना खिडकी दिसलीच नाही.

त्या खिडकीशीच मला थोडं थांबायचं आहे. पहिल्या पुस्तकात बेलाला कळतं की दाराची किल्ली वळचणीला कुठं ठेवलेली असते हे एडवर्डला ठाऊक आहे. माझ्यावर पाळत ठेवत होतास का, असं ती विचारते. पण जेवढा संताप आवाजात यायला हवा तेवढा येत नाही, कारण आतून ती सुखावलेली असते. मग कळतं की तो जवळजवळ रोज रात्री येत होता. यावर तिला पहिली चिंता वाटते ती आपण झोपेत काय बडबडलो असू याची. लाज कुणाला वाटायला हवी होती आणि कुणाला वाटली? तिसऱ्या पुस्तकात, ट्रक बंद पाडल्याच्या रात्री, एडवर्ड म्हणतो की तुला आज एकटं राहायचं असेल तर खिडकी लावून घे, मी समजेन. ती रागानं खिडकी आपटून बंद करते. मला वाटलं, आता काहीतरी घडेल. पण त्या बंद खिडकीकडे ती थोडा वेळ बघते, उसासा टाकते आणि खिडकी सताड उघडते. तिनं स्वतःहून बंद केलेली ही खिडकी काही वाक्यंसुद्धा बंद राहत नाही. मायर यांनी २०२० साली पहिली कथा एडवर्डच्या तोंडून पुन्हा सांगितली, 'मिडनाइट सन' या नावानं. त्यात पहिल्या रात्री ती खिडकी करकरते आणि उद्या येताना तेल आणायचं असं तो ठरवतो. स्वतःची त्याला किळसही येते. तरी दुसऱ्या रात्रीही तो येतोच.

समोरून येणारं उत्तर मला माहीत आहे. बेलाला ते आवडतं ना? तिची हरकत नाही, तर तुमची का? याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण मुलीची इच्छा काय हे तिच्याऐवजी आपण ठरवायचं, हासुद्धा जुलूमच. पण आवडलं हे नंतर कळलं. तो पहिल्यांदा आत शिरला तेव्हा त्याला ते माहीत नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं. नंतर मिळालेली संमती आधीच्या शिरण्याला लागू होत नाही. अमेरिकेत पाठलागाला वेगळा गुन्हा ठरवणारा पहिला कायदा १९९० साली कॅलिफोर्नियानं केला, एका तरुण अभिनेत्रीचा पाठलाग करणाऱ्यानं तिच्या दारात तिचा खून केल्यानंतर. आपल्याकडे भारतीय दंड संहितेत ३५४-ड हे कलम २०१३ मध्ये आलं. आता ते भारतीय न्याय संहितेचं ७८ वं कलम आहे. पाठलाग करणाऱ्या प्रत्येकाला मनातून खात्री असते की तिला हे आवडेल. कादंबरीत ती खात्री खरी ठरते, कारण लेखिकेनं ती खरी ठरवली.

आता सगळ्यात भक्कम आक्षेप. 'वुदरिंग हाइट्स'मधला हीथक्लिफ एडवर्डपेक्षा शंभरपट क्रूर. मग एमिली ब्राँटेची १८४७ सालची कादंबरी विद्यापीठात शिकवायची आणि मायर यांची कमिटीपुढं खेचायची, हा कुठला न्याय? तुलना मी आणलेली नाही. बेलाचं ते लाडकं पुस्तक आहे, आणि तिसऱ्या भागात एडवर्ड म्हणतो की हीथक्लिफबद्दल आपल्याला आता पूर्वी कधी वाटली नव्हती अशी सहानुभूती वाटते. एका प्रकाशकानं तर 'बेला आणि एडवर्डचं आवडतं पुस्तक' असं मुखपृष्ठावर छापून ब्राँटेची कादंबरी नव्यानं विकायला काढली. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा म्हणजे फरक दिसतो. 'वुदरिंग हाइट्स'मध्ये इझाबेला लिंटन हीथक्लिफबरोबर पळून जाते आणि जाण्याच्या रात्रीच तो तिच्या कुत्र्याला फास लावतो. थोड्याच काळात ती नेलीला, ही कथा सांगणाऱ्या घरच्या सेविकेला, पत्र लिहून विचारते, हा माणूस आहे का? माणूस असेल तर वेडा आहे का? नसेल तर सैतान आहे का? आणि हीथक्लिफ स्वतः नेलीसमोर सांगतो की या मुलीनं मला प्रेमकथेतला नायक समजण्याची चूक केली. म्हणजे हिंसा आहे, तशीच ती बघणारी नेलीही आहे, जखम मोजणारी इझाबेलाही आहे, आणि पुरुषाला नायक समजण्याचा धोका कादंबरी नाव घेऊन सांगते. इझाबेला घर सोडून पळते, दूर दक्षिणेला जाऊन राहते. कादंबरीनं तिला दार उघडून दिलं.

'ट्वायलाइट'मध्ये नेली कोण? गोष्ट बेलाच सांगते, तिच्या नजरेबाहेर आपल्याला जाताच येत नाही. शाळेतल्या मैत्रिणी येतात आणि विरून जातात. आई दूर गेलेली. वडील चार्लीला एडवर्ड खुपतो, पण त्याची कुरकुर लेखिका हसण्यावारी नेते. उरला जेकब. एडवर्डविरुद्ध बोलणारा तो एकटाच आणि तोच तिसऱ्या पुस्तकात बेलाला जबरदस्तीनं चुंबतो. ती ठोसा मारते, तर त्याला काही होत नाही, तिचाच हात दुखावतो. घरी आल्यावर जेकब चार्लीला खरं काय ते सांगतो आणि गावचा पोलिसप्रमुख असलेला बाप जेकबला म्हणतो, शाब्बास! हे पान मी दोनदा वाचलं. पोरीच्या हाताला बर्फ लावायची वेळ आहे आणि बाप पोराची पाठ थोपटतोय. जगभरच्या मुली तेव्हा 'टीम एडवर्ड' की 'टीम जेकब' असे टीशर्ट घालून भांडत होत्या. दोन्ही टीममध्ये न राहण्याची वाट पुस्तकानं ठेवलीच नव्हती. (अमेरिकेतल्या ज्या मूलनिवासी क्विल्यूट जमातीच्या नावानं जेकब आणि त्याचे हे लांडगे रंगवले, ती जमात वॉशिंग्टन राज्यातल्या ला पुश इथं आजही राहते. तिच्या कथांची मोडतोड कशी झाली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

आणखी एक बचाव केला जातो, आणि तो मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. एडवर्ड फसवत तर नाही! मी धोकादायक आहे, माझ्यापासून लांब राहा, असं तो पहिल्यापासून बजावतो. स्वतःची इतकी निर्भर्त्सना करणारा माणूस जुलमी कसा? पण हे बजावणं काम काय करतं ते बघा. 'मी वाईट आहे' असं सांगून तो तिथंच थांबतो, जात नाही. एकदा इशारा दिला की पुढं जे होईल त्याची जबाबदारी ऐकणारीवर येते. सांगितलं होतं ना तुला! आपल्या ओळखीतल्या किती बायकांनी हे वाक्य ऐकलंय? 'माझा राग असा आहे, तुला माहितीये ना, मग कशाला बोललीस?' कबुलीचा इथं उपयोग स्वतःला सुधारण्यासाठी होत नाही, समोरचीला बांधून ठेवण्यासाठी होतो.

चार पुस्तकांत हा नमुना दोनदा जसाच्या तसा येतो आणि दोन्ही ठिकाणी जखमी बाई जखम करणाऱ्याचं सांत्वन करते. सॅम नावाचा लांडगामानव रागाच्या भरात रूप बदलतो आणि जवळ उभ्या असलेल्या एमिलीचा चेहरा कायमचा फाटतो. ही हकिकत बेलाला जेकब सांगतो. सॅमला स्वतःची इतकी घृणा वाटली की शेवटी एमिलीच त्याला समजावू लागली आणि त्यातूनच दोघं जवळ आले. चौथ्या पुस्तकात लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी बेलाच्या अंगावर काळेनिळे डाग आहेत, फाटलेल्या उशांची पिसं केसांत अडकलीत. एडवर्ड अपराधानं खचलेला. आणि ती काय करते? मी खूश आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस, असं त्यालाच सांगत राहते. हे डाग त्यानं मुद्दाम पाडले नाहीत, तिची संमती होती, हे सगळं मी मान्य करते. पण डाग कुणाच्या अंगावर आणि खोलीतलं सगळं लक्ष कुणाच्या दुःखाकडे? मार खाल्लेल्या बायकांशी थोडं जरी बोललं असाल तर ही सकाळ ओळखीची वाटेल. तो रडतो, ती त्याचे डोळे पुसते आणि तिच्या अंगाचा विषय मागे पडतो.

'पण हे सगळं कल्पनेतलं आहे, तो व्हॅम्पायर आहे, त्याला माणसाचे नियम कसे लावता?' लावत नाही. व्हॅम्पायरचेच नियम लावू. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'त एक अट आहे. घरातल्या कुणी आत बोलावल्याखेरीज तो पहिल्यांदा उंबरा ओलांडू शकत नाही. शतकभर ही अट या कथांमध्ये टिकून राहिली. राक्षस कितीही बलवान असो, आमंत्रण देण्याचा अधिकार घरातल्या माणसाचा. मायर यांनी आपल्या व्हॅम्पायरना ही अटच ठेवली नाही. एडवर्डला कुणी बोलवावं लागत नाही. जुन्या भयकथेनं मुलीच्या हाती ठेवलेला एकुलता एक हक्क प्रेमकथेनं काढून घेतला.

आणि हाच प्रसंग दुसऱ्या प्रकारे लिहिता येत नव्हता असंही नाही. १९९७ साली सुरू झालेल्या 'बफी' या, व्हॅम्पायरांशी लढणाऱ्या मुलीवरच्या अमेरिकी टीव्ही मालिकेत १९९८ च्या एका भागात बफीचा पूर्वीचा प्रियकर, आता आत्मा हरवलेला व्हॅम्पायर, रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना तिचं चित्र काढतो आणि उशीशी ठेवून जातो. प्रियकर तोच, झोपलेली मुलगी तीच, बघत बसणं तेच. पण बफी सकाळी ते चित्र बघते तेव्हा प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. मग ती आणि तिच्या मैत्रिणी काय करतात, तर एक विधी शोधून काढतात आणि दिलेलं आमंत्रण परत घेतात. एकदा हो म्हटलं म्हणजे कायमचं हो नव्हे, हे तिथं मंत्र म्हणून, दाराला क्रूस लावून दाखवलंय. 'ट्वायलाइट' यानंतर सात वर्षांनी आलं. तेही किशोरवयीनांसाठी, तेही व्हॅम्पायरचंच, तेही प्रेमाचंच. तेव्हा 'हा प्रकारच असा असतो' हे म्हणणं टिकत नाही.

कल्पनेचा पडदा किती पातळ होता हे पुढच्या एका घटनेवरूनही कळतं. 'ट्वायलाइट'वर बेतलेली एका चाहतीची लांबलचक कथा नावं बदलून २०११ साली 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' म्हणून बाहेर आली. व्हॅम्पायर गेला, त्याच्या जागी अब्जाधीश उद्योगपती आला. काय खावं, कुठं जावं, कुणाला भेटावं यावर नजर तशीच राहिली. दात काढून टाकले तरी नातं जागचं हललं नाही, याचा अर्थ ते नातं दातांमुळे आलेलं नव्हतं.

बेलाला बाहुली म्हणणाऱ्या टीकाकारांशी मात्र मी सहमत नाही. ती स्वतःच्या इच्छेबद्दल लाजत नाही. एडवर्ड नको म्हणत असताना तिला तो हवा आहे आणि मुलीच्या तोंडून ही ओढ इतक्या उघडपणे सांगितली जाणं किशोरवयीन पुस्तकांत दुर्मीळ होतं. चौथ्या भागात मूल ठेवण्याचा निर्णय ती सगळ्यांच्या विरोधात जाऊन घेते, आणि शेवटी तिच्याच शक्तीच्या कवचानं सगळं कुटुंब वाचतं. दुसऱ्या भागात एडवर्ड सोडून गेल्यावर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशी नुसती महिन्यांची नावं असलेली कोरी पानं येतात. पंधराव्या वर्षी मन मोडणं कसं असतं हे इतक्या नेमकेपणानं कुणी छापलं असेल तर त्याचं श्रेय लेखिकेला द्यायलाच हवं. पण तिची शक्ती जागी केव्हा होते? ती मरून व्हॅम्पायर झाल्यावर. माणूस असेपर्यंत तिला उचलून नेलं जातं, लपवलं जातं, जेकबच्या हद्दीपर्यंत गाडीनं पोचवून ताब्यात दिलं जातं. एडवर्ड तिसऱ्या भागात सुधारतो, तिला जेकबकडे जाऊ देतो, हे चाहते आवर्जून सांगतात. 'जाऊ देतो' हेच तर दुखणं आहे! बरोबरीनं उभं राहायला तिला आधी स्वतःचं रक्त, वय, आईबापांबरोबरचं आयुष्य, सगळं सोडावं लागतं.

मायर यांनी या टीकेला एक उत्तर दिलं. २०१५ मध्ये, पहिल्या पुस्तकाला दहा वर्षं झाली तेव्हा, त्यांनी तीच कथा स्त्री-पुरुष अदलाबदल करून लिहिली. आता माणूस बो नावाचा मुलगा आणि व्हॅम्पायर इडिथ नावाची मुलगी. बेला बाई म्हणून संकटात नव्हती, राक्षसांमध्ये सापडलेलं माणूस म्हणून संकटात होती, असं त्यांना दाखवायचं होतं. हा प्रामाणिक प्रयत्न आहे, आणि त्यानं एक मुद्दा सिद्धही होतो, फक्त तो त्यांच्या बाजूचा नाही. बळ ज्याच्याकडे त्यानं दुसऱ्याच्या वतीनं ठरवायचं आणि दुसऱ्यानं त्याला माया समजायचं, ही रचना मुलगा असो वा मुलगी, तशीच चुकीची राहते. एवढंच की मुलाच्या खोलीत रात्री मुलगी शिरते हे वाचून कुणाला आपल्या गल्लीतली घटना आठवत नाही. मुलीच्या खिडकीखाली उभा असलेला मुलगा मात्र प्रत्येकीला आठवतो.

मग बी विंगमधली मुलगी तीन-तीनदा वाचून बिघडली का नाही? कारण वाचणारी माणसं रिकामी भांडी नसतात. जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासिकेनं प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी प्रत्यक्ष बोलून १९८४ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्या बायकांसाठी वाचणं म्हणजे घरकामाच्या रेट्यातून स्वतःसाठी काढून घेतलेला वेळ होता, आणि खरोखर क्रूर नायक त्यांना खपत नसे. पण रॅडवेंनी आणखी एक गोष्ट टिपली. या कादंबऱ्यांमध्ये नायकाचं सुरुवातीचं तुसडं, दुखावणारं वागणं शेवटी मागे वळून नव्यानं वाचलं जातं. तो तसा वागत होता कारण त्याचं प्रेम होतं! ही मागे वळून अर्थ लावण्याची सवय गोष्टीत गोड लागते. गोष्टीबाहेर तीच सवय एखादीला चुकीच्या घरात दहा वर्षं बसवून ठेवू शकते. एखादं पुस्तक कुणाला बिघडवत नाही हे खरं. पण जे शब्द पंधराव्या वर्षी हाताशी येतात त्यांनीच पुढं अनुभवाला नावं दिली जातात, हेही तितकंच खरं आहे. 'काळजी करतो' हा शब्द हाताशी असेल आणि 'पाळत ठेवतो' हा नसेल, तर ती कुठला वापरणार?

म्हणून मला ही पुस्तकं कपाटात हवी आहेत. पुढच्याच रविवारी ती आठवीतली मुलगी पुस्तकं परत करायला आली. काळं मुखपृष्ठ, दोन हातांच्या ओंजळीत लाल सफरचंद. शंभर हातांतून गेल्यामुळे कोपरे पांढरे पडलेले. तिला मी विचारलं, एडवर्ड आवडला का? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एडवर्ड तितका नाही आवडला, काकू. पण शाळेत इतकी मुलं असून त्याला तीच दिसते, ते आवडलं. मला कुणी तसं बघत नाही." यावर माझ्याकडे व्याख्यान नव्हतं. आपण कुणाला तरी दिसावं ही त्या वयाची साधी, खरी भूक आहे आणि पुस्तकानं नेमकी तीच पकडली आहे. आम्ही दोघींनी मिळून खिडकीचं पान काढलं. मी म्हटलं, तो बघतो हे खरंच. पण ती जागी असताना बघणं आणि झोपलेली असताना बघणं, एकच का? तिनं पान पुन्हा वाचलं. म्हणाली, "झोपल्यावर ती नाही म्हणूच शकत नाही ना." नंतर तिनं तिसरा भाग मागितला. मी रजिस्टरमध्ये नोंद केली आणि आपटून बंद केलेली खिडकी कुठं येते ते लक्ष ठेवून वाच, एवढंच सांगितलं.

बैठकीत मी हेच सगळं थोडक्यात मांडलं. पुस्तकं राहिली. आईचं समाधान झालेलं नाही, तसं तिनं मला स्पष्ट सांगितलं. चौथ्या भागासाठी सध्या तीन नावं लागली आहेत. पहिलं मुलीचं, दुसरं सी विंगमधल्या एका नववीतल्या मुलीचं आणि तिसरं त्या आईचं.